दोन वेण्यांमधली वाट

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी कधी माझ्यासारख्याच्या पोटात निजले असेल, तर त्याला आमचा आवाज आठवत असेल. ठक ठक ठक, मग घर्रर्र, मग पुन्हा ठक ठक. ऐकणाऱ्याला वाटते, आत कोणी सुतार बसला आहे. सुतार नाही, बाळांनो, मीच असते. मी एमआरआयचे यंत्र, आणि आता चांगलीच म्हातारी झाले आहे.

हल्लीची यंत्रे बोगद्यासारखी गोल असतात. मी तशी नाही. जात्याचे दोन दगड एकमेकांपासून हातभर दूर धरावेत आणि मध्ये माणसाने निजावे, असे माझे रूप. चारही बाजू मोकळ्या. त्यामुळे आत निजलेल्या लेकराचा पाय धरून त्याची आई शेजारी बसू शकते. माझ्या रूपातली मला आवडणारी गोष्ट हीच.

माझे काम तसे शांततेचे आहे. माणसाच्या अंगात रक्त, मांस, हाडे असतात, पण सगळ्यांत जास्त असते पाणी. त्या पाण्याच्या कणाकणात होकायंत्राच्या सुईसारखे काहीतरी दडलेले आहे. देवाने ते तिथे का ठेवले, मला ठाऊक नाही. मी माझ्या चुंबकाने त्या सगळ्या सुया एका रांगेत उभ्या करते, हळूच एक टिचकी मारते, आणि जागेवर परतताना त्या जे कुजबुजतात ते कान देऊन ऐकते. त्या कुजबुजीचे चित्र होते. कापणे नाही, टोचणे नाही. मी नुसते ऐकते.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्याच एका दवाखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तेव्हा माझे कौतुक काय वर्णावे! लोक माझ्यासोबत फोटो काढून घेत. पुढे मोठी बोगद्याची यंत्रे आली. त्यांची चित्रे माझ्याहून सुरेख, कामाचा उरकही जास्त. मग माझ्यावर एक राखाडी कापड पडले आणि मी गोदामात गेले. तिथे मला ऐकायला काही नव्हते. माझा चुंबक विजेवर चालत नाही, तो कायमचा जागा असतो. कापडाखाली जागे राहणे फार कठीण असते, मित्रांनो.

मग कोणाला तरी माझी आठवण झाली. जहाजातून जिबुती बंदर, तिथून ट्रकमधून डोंगर चढत चढत मी इथे, इथिओपियात, ताना सरोवराच्या काठी बहिर दारला आले. मला आत घ्यायला दवाखान्याची एक भिंत पाडावी लागली. बायकांनी जिभा हलवून आनंदाची किलकारी केली. पुजारीबाबा तीर्थ शिंपडायला आले, तेव्हा मला सांभाळणारा तेशाले प्लास्टिकचा कागद घेऊन धावला. "बाबा, थेंबभरच हं! आशीर्वाद जास्त झाला तर हे बंद पडेल."

बाबांनी खरोखर एकच थेंब शिंपडला. तो अजून माझ्या अंगावर आहे, असे मी मानते.

तेशाले उंच, हसरा, तोंडाने अखंड बडबड्या. एकदा फरशी पुसायची पत्र्याची बादली कोणीतरी माझ्या खोलीत आणली. ती उडाली ती धाडकन माझ्या गालाला येऊन चिकटली. सुदैवाने मध्ये कोणी माणूस नव्हते. त्या दिवसापासून तेशालेने दारात एक टोपली ठेवली. आत जाणाऱ्याने अंगावरचे सगळे त्या टोपलीत टाकायचे, हा त्याचा नियम. नियम चांगलाच होता. पण चांगल्या नियमालाही कधी कधी एखादा टाका उसवून द्यावा लागतो, हे आम्हाला वुबितने शिकवले.

वुबित बारा वर्षांची. सरोवरात घुसलेल्या झेगेच्या जमिनीवर, कॉफीच्या रानात राहणारी. तिची आई आजारी पडून गेली होती, आणि तिला वाढवले ते अलगनेश आजीने. काही महिने वुबितचे डोके दुखत होते. सकाळी उठली की ओकारी. आजीने तिला आधी पवित्र झऱ्यावर नेले, मग होडीत घालून इथे आणले, कारण आता पोरीला दिसेनासे होत चालले होते. कॉफीची लाल फळे आणि हिरवी फळे तिला एकाच टोपलीत पडू लागली होती.

दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टर मुलुवर्कबाई. आवाज हळू, चाल भरभर. त्यांनी आजीला माझ्याच खोलीच्या दाराशी सगळे समजावून सांगितले.

"आजी, डोक्यात आपल्या चार छोटी तळी असतात. पाणी रोज नवं येतं, रोज वाहून जातं. हिचा वाहून जायचा ओढा बुजलाय बहुतेक. पाणी तुंबलंय, आणि ते डोळ्यांच्या शिरा दाबतंय."

आजी सरोवराकाठची. तिला हे लगेच कळले. "जलपर्णी माजली की आमच्या धक्क्यापाशी होतं तसं."

"अगदी तसंच. आता दोन उपाय आहेत. एक म्हणजे डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून नळी घालायची. ती जन्मभर राहणार. कधी बुजली तर त्याच दिवशी इथे यावं लागणार."

"पावसाळ्यात सरोवर खवळलं की होडीच निघत नाही, बाई."

"म्हणून तर दुसरा उपाय बघतेय. बोटाएवढ्या भोकातून बारीक दुर्बीण आत घालायची आणि तळ्याच्या तळाला एक नवी वाट करून द्यायची. नळी नाही, काही नाही. पण त्या तळाखाली लगेच एक मोठी रक्तवाहिनी आहे. मध्ये जागा आहे की नाही, ते या यंत्राने दाखवलं तरच मी हात घालीन. चित्र साफ आलं नाही, तर नळीच. आणि नळीसाठी डोक्याची ही सगळी बाजू भादरावी लागेल."

आजीचा चेहरा बदलला. "भादरायचं? आमच्यात डोकं भादरतात ते माणूस गेल्यावर. हिच्या आईसाठी मी माझं भादरलं होतं. जित्या पोरीचं नाही भादरायचं."

"म्हणूनच चित्र साफ यायला हवं," डॉक्टर म्हणाल्या आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या.

मित्रांनो, माझ्यावर केवढा भार पडला तो! एका मुलीची दृष्टी, तिचे नळीवाचूनचे मोकळे आयुष्य, आणि एका आजीची लाज राखणे, सगळे माझ्या ऐकण्यावर.

तेशालेने आपली टोपली पुढे केली. "चला आजी, कानातलं, गळ्यातलं, खिशातलं, सगळं इथे. आमचं हे म्हातारं फार हावरट आहे. लोखंड दिसलं की ओढलंच."

आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "ओढतं? मग हिची डोकेदुखी ओढ म्हणावं."

"तेच करायला बसलोय ना आम्ही."

"तू बसलायस. ते बिचारं उभं आहे."

वुबित खुदकन हसली. तिच्या गळ्यात काळा दोरा होता. इथे बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाच्या गळ्यात हा दोरा बांधतात आणि तो जन्मभर काढत नाहीत. तेशालेने तोही सोडायला लावला. दोरा टोपलीत पडला, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

वुबितच्या डोक्यावर इथल्या पद्धतीच्या बारीक बारीक वेण्या होत्या, कपाळापासून मागे घट्ट ओढून घातलेल्या. आजीने होडीत बसण्याआधी स्वतः घातल्या होत्या त्या. तेशालेने वरवर बघितले आणि विचारले, "आजी, केसांत पिन, चाप, काही नाही ना?"

"पिना लावणारे केस नाहीत आमचे," आजी म्हणाली आणि दुसरीकडे पाहू लागली.

वुबित माझ्या दोन दगडांमध्ये येऊन निजली. वरच्या दगडाच्या पोटावर, निजलेल्याला दिसेल असे, तेशालेने एक चित्र चिकटवले आहे. सरोवरातला पाणकोळी, चोचीत मासा धरलेला. आत निजणाऱ्या मुलांना तो विचारतो, काय दिसतंय सांग.

"ढग," वुबित म्हणाली.

तेशालेने दार लावले आणि मी ऐकायला लागले.

पण मला ऐकूच येईना! तिच्या कपाळाच्या वर, उजव्या बाजूला, कोणीतरी माझ्या कानाशी जोरजोरात ओरडत होते. सगळ्या सुया त्या ओरडण्याकडे वळत होत्या. लोखंड होते ते. छोटेसे, पण लोखंड. ते मला ओढत होते आणि मी त्याला. मला बोलता येत असते तर मी म्हणाले असते, बाळ, ऊठ. पण मला फक्त चित्र काढता येते. ते मी काढले.

डॉक्टर पडद्यासमोर आल्या. डोक्याच्या पुढच्या भागात एक काळाकुट्ट डाग, आणि त्याच्या भोवतीचे सगळे वाकडे-तिकडे, पाण्यात काठी वाकडी दिसते तसे.

"लोखंड," तेशाले म्हणाला. "पण मी सगळं काढायला लावलं होतं!"

"नेमकं मला आत शिरायचंय तिथेच. आणि तळ्याचा तळही वाकलेला दिसतोय. खरा की खोटा, कसं सांगू? यावर मी सुईसुद्धा टोचणार नाही."

वुबितला बाहेर काढले. तेशालेने तिचे कपडे तपासले, चपला तपासल्या. मग जरा तोऱ्यातच म्हणाला, "आजी, काही असेल तर सांगा बरं. नाहीतर कात्रीने वेण्या कापून बघावं लागेल."

आजीने नातीचे डोके आपल्या शालीत झाकून घेतले. ती हो म्हणेना, नाही म्हणेना. तिचा त्या दिवशी उपास होता. दुपारच्या प्रार्थनेपर्यंत पाणीही नाही, आणि उपासाच्या दिवशी खोटे बोलायचे नाही, असा तिचा नेम. म्हणून ती गप्पच राहिली. मला तिच्या त्या गप्प राहण्याची फार माया वाटली.

डॉक्टर मुलुवर्कबाईंनी तेशालेला हातानेच थांबवले. त्या वुबितसमोर जमिनीवर बसल्या.

"बाळ, आत निजलीस तेव्हा तुला काही जाणवलं का गं?"

वुबितने आजीच्या शालीतून डोके बाहेर काढले. "कोणीतरी वेणी ओढत होतं."

"दुखलं?"

"नाही. आई ओढायची ना, हाक मारल्यावर मी आले नाही की, तसं हळूच. मला वाटलं, आईच आहे. म्हणून मी हलले नाही."

त्या एका वाक्याने आजीचा बांध फुटला. शाल तोंडाशी धरून ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "हिच्या आईचाच क्रूस आहे तो. वेणीत विणलाय मी. तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा असाच तिच्या गळ्यातला दोरा काढून घेतला होता. नंतर देतो म्हणाले. दिला हो, पण गळ्यात घालायला ती उरली नव्हती. मी ठरवलं होतं, या पोरीला उघड्या गळ्यानं कोणाच्या हवाली करायची नाही."

तेशालेने टोपलीकडे पाहिले. मग वाकून काळा दोरा उचलला, बोटांनी झटकला, आणि आजीच्या हातावर ठेवला.

"दोऱ्याचं यंत्राला काही नाही, आजी," तो हळू आवाजात म्हणाला. "सुती आहे हा. काढायला लावायची गरजच नव्हती. मी आपलं सरसकट सगळ्यांना सांगतो."

"सरसकट सांगतो म्हणे," आजी नाक पुसत म्हणाली. "तुझ्या आईला भेटायला हवं मला एकदा."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी कोटाची कॉलर बाजूला करून स्वतःचा गळा दाखवला. तिथेही काळा दोरा होता, आणि त्याला लाकडाचा छोटा क्रूस. "मीही काढत नाही, आजी. फक्त लाकडाचा करून घेतला. आता एक ऐका माझं. कात्री नको. वेणी तुम्हीच सोडा, आणि पुन्हा बांधताना मी सांगते तशी बांधा. क्रूस टोपलीत नाही टाकायचा. मी हातात धरून काचेपलीकडे उभी राहते. पोरीचं चित्र निघेपर्यंत मी कुठे जात नाही."

"तुमचे बाकीचे आजारी?"

"थांबतील थोडे."

आजीने वेण्या सोडायला घेतल्या. तो क्रूस बाहेर निघाला तेव्हा मी दुरूनच ओळखला. लहानसा, लोहाराने ठोकून केलेला, घासून गुळगुळीत झालेला. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

मग त्यांनी वुबितच्या नाकाच्या मुळापासून बोटांनी मोजत मोजत मागे जाऊन, मधल्या भांगाच्या थोडे उजवीकडे एक ठिपका काढला. "इथून शिरायचंय मला. इथे भांग पाडाल? केस दोन्हीकडे घट्ट ओढून घ्या. मग मला बोटभर जागा भादरली तरी पुरेल. वेणी सोडली की कोणाला कळणारही नाही."

आजीने मान वाकवून तो ठिपका नीट पाहिला. "ठिपक्याच्या जरा अलीकडे हा केसांचा भोवरा आहे. याच्यावरून सरळ भांग पडणार नाही. जरा वळवून घेते."

"वळवा. मला ठिपका तेवढा उघडा हवा."

मित्रांनो, मी कितीतरी शस्त्रक्रियांची चित्रे काढली आहेत. पण डॉक्टर आणि आजी एकाच डोक्यावर वाकून वाट आखताहेत, एकीच्या हातात पेन आणि दुसरीच्या हातात लाकडी फणी, असे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. तेशाले तेलाने भरलेली एक औषधाची गोळी घेऊन आला आणि त्याने ती त्या ठिपक्यावर चिकटपट्टीने बसवली. "तेल यंत्राला नीट दिसतं, आजी. खूण म्हणून."

"तेल होय? मग चांगलंच आहे," आजी म्हणाली. देवापुढेही तेलच जळते, हे तिला कोणी सांगायला नको होते.

वुबित पुन्हा निजली. गळ्यात काळा दोरा. आजी शेजारी बसली आणि तिने नातीचे पाऊल हातात धरले. माझी ठक ठक सुरू झाली, तशी आजी ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणू लागली. देवळातल्या ढोलावर म्हणतात तशी, माझ्या ठेक्यावर. मी माझा ठेका बदलला की तीही बदलायची. काचेपलीकडे डॉक्टर मूठ छातीशी धरून उभ्या होत्या.

आणि या वेळी मला सगळे ऐकू आले. चारही तळी ऐकू आली. तुंबून फुगलेली तीन, आणि त्यांच्याखालचा बुजलेला ओढा. तळ ऐकू आला, पातळ, कागदासारखा. रक्तवाहिनी ऐकू आली. आणि तळ आणि ती वाहिनी यांच्यामध्ये, पुढच्या बाजूला, पाण्याची एक अरुंद पट्टी. जागा होती! वर, जिथे आधी काळा डाग होता, तिथे दोन वेण्यांच्या मध्ये तेलाचा थेंब लख्ख पांढरा दिसत होता. त्या थेंबापासून त्या पट्टीपर्यंत सरळ रेघ ओढता येत होती.

डॉक्टरांनी पडद्यावर ती रेघ ओढली. वाटेत कुठे शीर नव्हती, कुठे अडथळा नव्हता. "जाता येईल," त्या म्हणाल्या. त्यांच्या मुठीत क्रूसाचा ठसा उमटला होता.

दुसऱ्या दिवशीच शस्त्रक्रिया ठरली. "सकाळपासून काही खाऊ-पिऊ द्यायचं नाही," तेशालेने बजावले.

"उपास कसा करायचा ते तू शिकवणार होय मला?" आजी म्हणाली.

शस्त्रक्रियेच्या खोलीत मला जाता येत नाही. माझे चित्र तिथे गेले आणि मी इथेच राहिले. आमच्यासारख्यांचे हे असेच असते. वाट दाखवायची आणि मागे थांबायचे. त्या दिवशी मी बाहेरच्या पावलांकडे कान लावून बसले होते. दुपारी प्रार्थनेच्या घंटेनंतर कॉफी भाजल्याचा वास आणि धूर अंगणातून आत आला. झेगेची कॉफी. आजीने उपास सोडला होता. तेव्हा मला कळले, पोर सुखरूप बाहेर आली.

काही दिवसांनी वुबित पुन्हा आली, झाले ते नीट झाले का हे पाहायला. तिचा भांग अजून वळणाचाच होता आणि त्यात बोटभर जागी कोवळे केस उगवत होते. ती निजली, आणि तेशालेने नेहमीचे विचारले, "काय दिसतंय?"

"पाणकोळी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि त्याच्या चोचीतला मासा उलटा आहे. शेपटी बाहेर."

तेशाले आत येऊन माझ्या पोटाखाली वाकून बघू लागला. "अरे, खरंच की! मी रोज लोकांना विचारतो आणि मलाच दिसला नव्हता."

"तुलाही दुर्बीण घालायला हवी मग," दारातून आजी म्हणाली.

त्या दिवशी मी काढलेल्या चित्रात तळ्याच्या तळाशी एक बारीक काळा धागा दिसत होता. घाबरू नका. वाहते पाणी मला तसेच दिसते. माझी टिचकी लागलेले पाणी कुजबुजायच्या आधीच पुढे निघून जाते, म्हणून तिथे काळे उमटते. नवी वाट वाहत होती. इतकी वर्षे मी थांबलेल्याचे ऐकत आले, पण निघून जाणाऱ्याची ती जागा मला सगळ्यांत गोड वाटली.

आता ऐकते की शेजारच्या इमारतीत बोगद्याचे मोठे यंत्र येणार आहे. येऊ दे. ते माझ्याहून बारीक पाहील, आणि लेकरांचे भले होईल. माझ्यावर पुन्हा राखाडी कापड पडले, तरी आता कापडाखाली मी एकटी नसेन. पण नव्या यंत्राच्या दारात जे कोणी उभे राहतील त्यांना, आणि मित्रांनो, तुम्हालाही माझे एक सांगणे आहे. आमच्यापाशी येताना अंगावर लोखंड आणू नका. चुकून आलेच, मायेने लपवून आणलेच, तरी लाजू नका. सांगा. न सांगितलेल्या गोष्टीमागचे आम्हाला दिसत नाही. आणि तुमच्यापैकी जे मोठेपणी अशा यंत्रांपाशी काम करतील, त्यांनी तेशालेच्या दारात एकदा येऊन पाहावे. ती टोपली आता तिथे नाही. आत जाणाऱ्याच्या अंगावरून जे काही उतरते, ते काचेपलीकडे थांबणाऱ्या त्याच्या माणसाच्या हातात दिले जाते. सोबत कोणी नसेल तर तेशाले ते स्वतःच्या मुठीत धरतो, आणि चित्र निघेपर्यंत काचेपलीकडे, दिसेल असा उभा राहतो.